भिंतीला बांगडी

माझ्या सिव्हिल डिप्लोमाच्या सर्टिफिकेटवर 'फर्स्ट क्लास' असं लिहिलेलं आहे. आईने ते फ्रेम करून सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या घरात टीव्हीच्या वर लावलं होतं, म्हणजे मालिका बघायला आलेल्या शेजारणींना ते बघावंच लागे. मिस्तरी पहिल्यांदा घरी आले तेव्हा चहा पिता पिता त्यांनी ती फ्रेम खिळ्यावरून उतरवली, उलटी करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "पानी कथाईन निंघी?"

पाणी कुठून निघेल, हा प्रश्न ते कुठल्याही उभ्या वस्तूबद्दल विचारत. कपाटाबद्दल, देवघराबद्दल, एकदा तर गल्लीतल्या गणपतीच्या मखराबद्दलही विचारला होता. आई त्या दिवशी दुखावली. पण फ्रेमच्या मागे भिंतीला खरोखरच ओल आली होती आणि 'फर्स्ट क्लास'च्या खालच्या कोपऱ्यात बुरशी धरली होती. मिस्तरींनी ती अंगठ्याने पुसली, वारा खेळावा म्हणून सोड्याच्या बाटलीची दोन बुचं फ्रेमच्या मागे अडकवली आणि फ्रेम परत लावली. ती अजून तशीच आहे, भिंतीपासून बोटभर पुढे.

त्यांचं नाव मला माहीत आहे, पण त्या नावाने त्यांना कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. बायकोसुद्धा मिस्तरीच म्हणायची. मूळ गाव अमळनेरकडचं. सुरतेत तीस-पस्तीस वर्षं काढूनही त्यांची अहिराणी जशीच्या तशी होती, आणि गुजराती ते अहिराणीच्याच चालीवर बोलत. किडकिडीत अंग, भर मे महिन्यातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि माणसं ज्या खिशात मोबाइल ठेवतात त्या खिशात भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा. मोबाइल ते जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवत, त्यामुळे त्यांना फोन लावला की पलीकडून आधी डबा वाजल्याचा आवाज येई.

घराच्या भिंती ते बांधत नसत. घराची भिंत नुसती उभी असते, तिला काम काय, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा जीव होता माती अडवून धरणाऱ्या भिंतीत. एका बाजूला वरपर्यंत माती, दुसऱ्या बाजूला मोकळं अंगण आणि मध्ये ती. साइटवर तिला रिटेनिंग म्हणतात. रस्त्याने जाताना अशी भिंत दिसली की मिस्तरी थांबत, तिच्या तळाशी पाणी जायला ठेवलेल्या भोकांखाली वाकून बघत. भोकाखाली ओघळ असेल तर खूश. भोक कोरडं आणि कचऱ्याने बुजलेलं असेल तर आम्हाला घेऊन रस्त्याच्या पलीकडे. त्यांच्याबरोबर पायी कुठे निघालं की पोहोचेपर्यंत दहा वेळा रस्ता ओलांडून होत असे.

आता सुरत हे ताटासारखं सपाट गाव. इथे चढ म्हणजे पूल. पण हातात पैसा आला की माणसाला चढउतार हवासा वाटतो. आमच्या एका शेठने कुठल्याशा थंड हवेच्या ठिकाणी हॉटेलात दोन मजली बाग पाहिली, वर हिरवळ आणि खाली फरशीचा चौक, आणि बारडोली रोडला उसाच्या मधोमध असलेल्या आपल्या फार्महाउसवर तशीच हवी म्हणून हट्ट धरला. मग डंपरने माती आणून टेकडी करायची ठरली, आणि ती टेकडी खाली येऊ नये म्हणून आठ फूट उंच, नव्वद फूट लांब भिंत. आधी डोंगर आणायचा आणि मग तो अडवायचा, अशी ती योजना होती. तिचा साइट सुपरवायझर मी होतो.

साइटवर मी गुजराती बोलायचो. मजुरांशी हिंदी. माझा बाप लूमवर होता आणि घरी आम्ही अहिराणी बोलतो, हे कोणाला कळायचं कारण नव्हतं. बुटाला रोज पॉलिश, खिशाला दोन पेनं. चौथ्या दिवशी शेठ शेजारी उभे असताना मिस्तरींनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "कोना पोऱ्या शे तू?"

"क्या बोला?" मी म्हणालो.

"मी तुना बापले वळखस. आमनी गल्लीमा ऱ्हाये तो."

शेठने विचारलं, हा काय म्हणतो. मी गुजरातीत सांगितलं की सिमेंट कमी पडतंय म्हणतो. शेठने लगेच फोन करून सिमेंटच्या वीस गोण्या मागवल्या. त्या ठेवायला जागा नव्हती. मिस्तरींनी मला साहेब म्हणणं त्या दिवसापासून सोडलं.

त्यांचे नियम मला भारी जाचक वाटायचे. पायाचा चर कमरेपेक्षा खोल गेला की त्यांनी हो म्हटल्याशिवाय आत कोणी उतरायचं नाही. चराच्या कडा त्यांना उभ्या चालत नसत, पायऱ्यापायऱ्यांनी मागे कापून घ्याव्या लागत. काढलेली माती काठावर न टाकता चार पावलं लांब. शिडी आत सोडलेली हवी. आणि वर एक माणूस नुसता बघत उभा. त्याने विडीसुद्धा ओढायची नाही, फक्त मातीकडे बघायचं. मी रोजच्या रिपोर्टात इमानदारीने लिहायचो, 'एक मजूर रिकामा'.

एकदा शेठ आले असताना मला कामाचा उत्साह दाखवायची हुक्की आली. एका टोकाला चर छातीइतका खोल झाला होता आणि तिथल्या कडा अजून कापायच्या होत्या. मी टेप घेऊन टुणकन आत उडी मारली आणि मोठमोठ्याने मापं सांगू लागलो. मिस्तरी आले. त्यांनी हात पुढे केला. मला वाटलं, टेपचं दुसरं टोक मागताहेत. त्यांनी माझी कॉलर धरली आणि मला शिडीकडे ओढत नेलं. शर्टाची दोन बटणं तुटली. शेठसमोर. मी रागाने टेप तिथेच टाकून दिला आणि गाडीत जाऊन बसलो.

चहा होतोय तोवर ती कड बसली. मोठा आवाज वगैरे काही नाही, गोणी जमिनीवर टेकवावी तसा ठप्प. मी जिथे उभा होतो तिथे माझ्या छातीपर्यंत माती आली होती. संध्याकाळी ती उपसल्यावर टेप सापडला, पापडासारखा चपटा. मिस्तरींनी तो मला दिला, आणि बरोबर माझी दोन बटणंही दिली. ती त्यांनी मघाशी वेचून ठेवली होती. मी रिपोर्टात लिहिलं, 'एक टेप खराब'.

भिंत त्यांनी मात्र देखणी उभी केली. पाया चांगला खोल, आणि भिंतीला मातीच्या अंगाला किंचित कल. ढकलणाऱ्याकडे आपण थोडं रेलून उभं राहायचं असतं, एवढं एकच कारण त्यांनी मला सांगितलं. मागे हातभर रुंद खडी, खडीच्या तळाशी भोकांचा पाइप, उतार देऊन. मातीचा वीतभर थर टाकायचा, पाणी शिंपायचं, धुम्मस करायची, म्हणजे जड ठोकण्याने माती ठोकून बसवायची, मगच पुढचा थर. तळाशी ओळीने बावीस भोकं. परीक्षेत मी या भिंतीची आकृती काढली होती. मातीचा दाब म्हणून एक त्रिकोण काढायचा आणि त्यात बाण भरायचे. त्रिकोण सुबक आला होता, आठपैकी सात मार्क पडले होते. त्या त्रिकोणाला वजन असतं हे मला मिस्तरींची माणसं धुम्मस उचलताना घामाघूम झालेली पाहून कळलं.

भिंत पुरी झाली तेव्हा त्यांनी पिशवीतून तंबाखूची डबी काढली. आत हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते. भिंत सलग नव्हती, पाच तुकड्यांत बांधलेली होती, आणि दोन तुकड्यांमध्ये बारीक फट राखली होती. प्रत्येक फटीवर, छातीच्या उंचीला, त्यांनी बांगडीचा एकेक तुकडा आडवा ठेवला आणि दोन्ही टोकं सिमेंटात पक्की केली. जिना जिथे भिंतीला मिळत होता तिथेही एक लावला. बांगड्या त्यांच्या बायकोच्या वापरातल्या. नव्या विकत आणलेल्या त्यांना चालत नसत.

मी चेकाळलोच. सगळ्या मजुरांना गोळा करून मी हिंदीतून दहा मिनिटं भाषण दिलं. विज्ञान कुठे पोहोचलं, आपण अजून भिंतीला नजर लागू नये म्हणून बांगड्या बांधतो, वगैरे. मिस्तरी उन्हात उभे राहून शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हं."

त्यांनी खुलासा का केला नाही, हे पुढे एकदा मी विचारलं. त्यांना वाटलं होतं की मी मजुरांची गंमत करतोय, इंजिनियरला एवढं माहीत असणारच. माझ्याबद्दल इतका थोर गैरसमज आजवर दुसऱ्या कोणी करून घेतलेला नाही.

त्यांची आणखी एक रीत होती. काम संपलं की शेवटच्या दिवशी ते भिंतीच्या पायथ्याशी, तिला पाठ टेकून, जेवायला बसत. आणि ज्याने कामावर सही केली असेल त्याने शेजारी बसून जेवायचं. सहीची शाई वाळायच्या आत, म्हणत. त्या दिवशी डब्यात कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि मिरचीचा ठेचा होता. शेजारची जागा त्यांनी हाताने झाडून ठेवली.

"बठ भाऊ."

"ॲसिडिटी आहे मिस्तरी," मी म्हणालो, आणि पहिल्यांदाच चुकून मराठीत म्हणालो.

मला ॲसिडिटी नव्हती. व्हरांड्यात शेठची माणसं बसली होती, आणि जमिनीवर मांडी घालून कळण्याची भाकरी खाताना त्यांनी मला पाहावं, हे मला नको होतं. मिस्तरी एकटेच जेवले. हात धुतले, डबा पिशवीत घातला आणि दुसऱ्या कामावर निघून गेले.

महिनाभराने शेठ आले आणि भोकांकडे बोट करून म्हणाले, "आ काणां शेनां छे?" भोकांतून तांबूस पाणी येत होतं आणि परदेशी म्हणून आणलेल्या पांढऱ्या दगडाच्या फरशीवर बावीस ओघळ दिसत होते. थंडीत पोंक पार्टी ठेवली होती. कोवळी भाजलेली ज्वारी, शेव, वडे आणि सगळं गोत. "सारुं नथी लागतुं. बंद करी दो."

ती भोकं कशासाठी आहेत, मला ठाऊक होतं. आकृतीत ती काढली नाहीत तर एक मार्क कापतात. पण शेठच्या पुढच्या बंगल्याचं काम मला मिळायचं होतं, आणि माझं तोंड माझ्या डोक्याच्या आधी "हा शेठ" म्हणून मोकळं झालं. मी स्वतः उभा राहून बावीस भोकं बुजवून घेतली. त्यावर भिंतीच्याच दगडाच्या चकत्या इतक्या बेमालूम बसवल्या की भोकं होती हे मलाही सांगता आलं नसतं. फोटो काढून मी तो स्टेटसला ठेवला. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात सफाईदार काम होतं.

पार्टीच्या आधी पंधरा दिवस माळ्याला हुकूम होता, हिरवळ हिरवीगार दिसली पाहिजे. वरच्या बागेत फवारे दिवसभर चालू.

पार्टीला मीही होतो, उसना ब्लेझर घालून. सकाळी अकराची वेळ, हवेत गारठा, आणि भिंत ऊन खाऊन छान तापलेली. म्हाताऱ्या बायकांनी खुर्च्या ओढून तिला पाठी लावल्या होत्या. त्यांच्या पायाशी पोरं खेळत होती. पन्नासेक माणसं तरी त्या चौकात असतील. मी एका पाहुण्याला 'ही भिंत मी बांधली' असं सांगत होतो, आणि ते सांगताना ऐटीत भिंतीवर हात टेकला. बोटाला काहीतरी टोचलं. बघतो तर रक्त. बांगडी मधोमध तुटली होती आणि तिचा एक अर्धा दुसऱ्यापेक्षा पुढे आला होता.

मी बोट रुमालात गुंडाळलं आणि पुढच्या फटीपाशी गेलो. तिथलीही तुटलेली. त्यापुढची शाबूत होती. दोन तुटलेल्या बांगड्यांच्या मधला भिंतीचा तुकडा पोट सुटल्यासारखा दिसत होता. नेमक्या त्याच तुकड्याला टेकून शेठची आई बसली होती. तेव्हा कुठे माझ्या फर्स्ट क्लास डोक्यात उजेड पडला की बांगड्या नजरेसाठी नव्हत्या. भिंत सूतभर जरी हलली तरी काच आधी सांगते. दगड सांगत नाही.

मी जिन्यामागे जाऊन फोन लावला. पलीकडे डबा वाजला.

"मिस्तरी, तुमची बांगडी फुटली."

ते म्हणाले, "फुटनी म्हनू नको. वाढनी म्हन. कितल्या?"

आमच्याकडे बाईची बांगडी फुटली असं कोणी म्हणत नाही. अशा वेळीही त्यांना त्याची आठवण होती.

"दोन. शेजारशेजारच्या."

"भोकासमाईन पानी येस का?"

मी बोटावरचा रुमाल घट्ट केला. त्यांना उत्तर कळलं असावं, कारण त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.

"खाले कोन शे?"

"बायका. पोरं."

"मानसं काढ आधी. वरलं पानी बंद कर. शिव्या मी मंग देसू." आणि फोन ठेवला.

फवारे मी धावत जाऊन बंद केले. माणसं काढणं तेवढं सोपं नव्हतं. खरं सांगायचं म्हणजे बुजवलेल्या भोकांबद्दल सांगायचं, आणि ते सांगितलं की नोकरी गेली. लाज वाटते, पण सांगून टाकतो, खाली पन्नास माणसांचा जीव टांगणीला असताना मी दोन मिनिटं खोटं कारण शोधण्यात घालवली. सापडलंही. मी टाळी वाजवून गुजरातीत जाहीर केलं की गरम वडे वरच्या हिरवळीवर वाढले जात आहेत. कल्पना इतकी यशस्वी झाली की दहाबारा जणी लगेच उठून जिना चढू लागल्या. त्या वर पोहोचतात तोच मला आठवलं की भिंतीला ढकलणारी माती तीच, आणि तिच्यावर मी आता दहाबारा धष्टपुष्ट बायका चढवल्या आहेत.

मग माझ्या तोंडून जे निघालं ते गुजराती नव्हतं, हिंदीही नव्हतं. आई ज्या भाषेत मला चुलीपासून लांब हो म्हणायची त्या भाषेत मी ओरडलो, "उठा, भीत पडी राह्यनी!"

पाहुणे माझ्याकडे बघत राहिले. ब्लेझरमधला माणूस हे काय बोलतोय, त्यांना कळेना. पण वाढपी सगळे लिंबायतचे, माझ्यासारखेच घरी अहिराणी बोलणारे होते. त्यांनी ट्रे खाली टाकले. चौघांनी शेठच्या आईला खुर्चीसकट उचललं, बाकीच्यांनी मिळेल त्या पोराला काखेत मारलं, दोघं जिन्याने वर धावले आणि वरच्या बायकांना मागच्या बाजूने उतरवून नेलं. पाच मिनिटांत सगळी पार्टी फाटकाबाहेर उसाच्या कडेला उभी होती. खुर्चीत बसलेली शेठची आई एवढंच विचारत होती की वडे कुठे आहेत.

भिंत पडली नाही.

अर्धा तास सगळे तिच्याकडे बघत उभे होते आणि ती जागची हलली नाही. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. कोणी हसलं. शेठ माझ्यासमोर येऊन उभे राहिले. आणि खरं सांगतो, त्या वेळी मी मनातून भिंतीला पड म्हणत होतो. माणूस माझ्यासारखा असला की स्वतःचं खरं ठरावं म्हणून डोंगरही खाली आणायला तयार होतो.

मिस्तरी रिक्षाने आले, पहार घेऊन. ते भिंतीच्या समोर गेलेच नाहीत. टोकाला, आडबाजूला उभं राहून त्यांनी लांबूनच पहिल्या भोकावरची माझी सुंदर चकती फोडली. हातभर लांब तांबडी चिळकांडी उडाली आणि त्यांचा पायजमा भिजला. दुसरं भोक, तिसरं. पाणी थांबेना. चौकात पाण्याचं तळं झालं, त्यात पोंकाच्या प्लेटा तरंगू लागल्या. आता कोणी हसत नव्हतं. फुगलेल्या तुकड्याच्या भोकांना त्यांनी हात लावला नाही. आधी दोन्ही बाजूंनी पाणी उतरू दिलं, मग टेकू लावायला लावले.

सगळं झाल्यावर शेठ त्यांच्यावर घसरले. भिंत कच्ची बांधली, उद्यापासून बारडोली ते सुरत तुला कोणी काम देणार नाही, असं म्हणाले. मिस्तरी पायजमा पिळत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी गप्प राहिलो असतो तर ते निभावून गेलं असतं, हे मला, शेठला आणि मिस्तरींना, तिघांनाही ठाऊक होतं. तीस वर्षांत त्यांची एकही भिंत हललेली नव्हती. त्यांच्याजवळ तेवढंच होतं.

"भोकं त्यांनी ठेवली होती," मी म्हणालो. "बुजवली मी. तुम्ही सांगितलंत आणि मी हो म्हणालो." मग लिंबायतच्या मराठीत कशाला सांगतोय हे लक्षात येऊन तेच पुन्हा गुजरातीत सांगितलं. दोनदा कबुली देणारा माझ्यासारखा मीच.

माझी नोकरी तिथेच गेली. दुसऱ्या दिवशी मिस्तरी आमच्या घरी आले ते आईबापाला हे समजावून सांगायला. फ्रेम त्यांनी उलटी केली ती त्या दिवशी. जाताना मला म्हणाले, "उद्या ये. धुम्मस धर." शिव्या त्यांनी कधीच दिल्या नाहीत. मी वाट बघत होतो.

शेठच्या आईने हट्ट धरला म्हणून भिंतीचं काम परत मिस्तरींनाच मिळालं. मधला तुकडा उतरवून पुन्हा बांधला. मी पंधरा दिवस धुम्मस धरली, हाताला फोड आले, आणि एक दिवस चराच्या काठावर नुसता मातीकडे बघत उभा राहिलो. त्याहून थकवणारं काम मी केलेलं नाही. शेवटच्या दिवशी मिस्तरींनी बांगड्या लावल्या, डबा उघडला आणि शेजारची जागा झाडली.

मी बसलो. व्हरांड्यातून माणसं बघत होती. पाठीमागे आठ फूट माती होती आणि ती मला पाठीच्या कण्यात कळत होती. मी भाकरीचा तुकडा मोडला. कमरेजवळच्या भोकातून थेंब थेंब पाणी येत होतं आणि माझा शर्ट भिजत होता. मिस्तरींनी ते पाहिलं आणि ठेचा माझ्याकडे सरकवला.

"आते कशी लागस भाकर?"

"चांगली," मी म्हणालो. खरोखरच चांगली होती.

पुढे सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं आणि मग त्यांना बरोबर घेऊन स्वतःचं सुरू केलं. ते गेले त्याला आता वर्ष होत आलं. गुडघे गेले होते, शेवटी शेवटी नकाशा घेऊन मीच त्यांच्या खाटेशी जायचो, आणि ते कागद उलटा करून मागची बाजू बघायचे. गेले तेव्हा घरात बायका जमल्या होत्या. मी दाराशी उभा होतो. आतून काही वेळ बोलाचाली ऐकू आली, मग मिस्तरींची बायको, आमच्या काकू, उठून बाहेर आल्या. हात मोकळे होते आणि मुठीत मिस्तरींचा रुमाल होता.

"बाया फोडाले उन्या व्हत्यात," त्या म्हणाल्या. "मी हात नही दिधा. ले भाऊ. भीतले लाव."

रुमालात आठ हिरव्या बांगड्या होत्या, सगळ्या अख्ख्या. मी तिथे उभा राहून रडलो. गल्लीतले लोक बघत होते आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

त्या बांगड्या कतारगामच्या एका सोसायटीत, बागेच्या भिंतीला लावल्या आहेत. तुकडे करायचा माझा धीर झाला नाही. तुकडे काकूंनीच करून दिले, माझ्यासमोर, सुपारीच्या अडकित्त्याने. भिंत पुरी झाली त्या दिवशी मी पायथ्याशी जेवायला बसलो. हल्ली मला खरोखरची ॲसिडिटी आहे, तरी ठेचा नेला होता. सोसायटीच्या सेक्रेटरींना शेजारची जागा झाडून दिली, तर त्यांना एक महत्त्वाचा फोन आला.

त्या भिंतीखाली आता संध्याकाळी पोरं खेळतात. दर महिन्यात एकदा मी जातो, भोकं बघतो, आणि प्रत्येक फटीवरून हळूच बोट फिरवतो. अजून एकही वाढलेली नाही.